औंढा ते कोनोहा : बोटांतल्या विद्येची वाट

१९९९ साली महाराष्ट्राच्या नकाशावर एक नवा जिल्हा आला. १ मे रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला जपानमध्ये ‘शोनेन जंप’ या चित्रकथांच्या साप्ताहिकात पिवळ्या केसांच्या एका पोराची गोष्ट सुरू झाली. पोर खोडकर, पोरकं आणि सगळ्या गावानं दूर लोटलेलं. त्याचं नाव नारुतो. मासाशी किशिमोतो हा ती लिहिणारा आणि चितारणारा तरुण तेव्हा पंचविशीच्याही आत होता. पुढे पंधरा वर्षं ही गोष्ट चालली. तिची ७०० प्रकरणं झाली, ७२ पुस्तकं निघाली. २००२ पासून तिच्यावर मालिका आली आणि दोन टप्प्यांत मिळून तिचे ७२० भाग झाले.

म्हणजे जिल्हा आणि नारुतो एकाच वयाचे. आधीच्या पिढीतल्या मुलांनी टीव्हीवर निंजा हत्तोरी पाहिला होता, आताच्या मुलांच्या मोबाईलवर नारुतो घरचा झाला आहे. तो आवडणारी मुलं खेळताना काय करतात ते नीट पाहा. दोन्ही हातांची पहिली दोन बोटं ताठ करून एकमेकांवर आडवी धरतात, डोळे बारीक करतात आणि मोठ्यानं काहीतरी जपानी ओरडतात. मोठी माणसं म्हणतात, हे काय परदेशी खूळ! मला मात्र ते पाहून अंगावर काटा येतो. कारण हाताची बोटं अशी गुंफून शक्ती जागवायची ही कल्पना भारतातून निघालेली आहे. तेराशे वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून गेली, चीनमध्ये थांबली, जपानच्या डोंगरांत राहिली, हेरांच्या हातात आली, नाटकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी उचलली आणि आता कार्टून होऊन मराठवाड्यात परत आली आहे. ही सगळी वाट पायाखालून घालण्यासारखी आहे.

बोटं, आरोळी आणि एकाग्रता

आधी गोष्टीतला निंजा, म्हणजे जपानी हेर-योद्धा, जादू कशी करतो ते पाहू. नारुतो राहतो कोनोहा नावाच्या गावात. तिथं मुलांना निंजाविद्येची शाळा आहे, परीक्षा आहे, पास-नापास आहे. प्रत्येक माणसाच्या अंगात एक शक्ती खेळत असते आणि तिला तिथं ‘चक्र’ असंच म्हणतात. ती जागी करून एका जागी आणायची, मग हातांच्या मुद्रा ठरलेल्या क्रमानं करायच्या आणि विद्येचं नाव उच्चारायचं, म्हणजे तोंडातून आग निघते, पाण्याचा लोट उठतो किंवा एका निंजाचे शंभर निंजा होतात. किशिमोतोनं अशा बारा मुद्रा घेतल्या आणि त्यांना पूर्वेकडच्या राशिचक्रातल्या बारा प्राण्यांची नावं दिली: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, पक्षी, कुत्रा आणि रानडुक्कर.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या. हातानं मुद्रा, तोंडानं उच्चार, मनानं एकाग्रता. तिन्ही जुळल्या तरच विद्या चालते आणि एक जरी चुकली तरी फसते. नारुतोच्या सुरुवातीच्या भागांतला बराचसा विनोद या फसण्यावरच उभा आहे.

जपानमधल्या शिंगोन या बौद्ध पंथाची साधना मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा थक्क झालो. तिथं याच तीन गोष्टींना ‘तीन गुह्य’ म्हणतात. देहाचं गुह्य म्हणजे मुद्रा, वाणीचं गुह्य म्हणजे मंत्र आणि चित्ताचं गुह्य म्हणजे ध्यान. तिन्ही एका वेळी साधली की साधक आणि बुद्ध यांच्यातलं अंतर मिटतं, अशी त्यांची श्रद्धा. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काया, वाचा, मने हे तीन शब्द आपण कीर्तनात इतक्यांदा ऐकलेत की ते एका दमात तोंडून निघतात. किशिमोतोच्या निंजाची जादू याच त्रिकुटावर उभी आहे, फक्त तिला त्यानं चित्रकथेचा वेग दिला.

वेरूळच्या काळातली एक समुद्रयात्रा

ही विद्या जपानला गेली कशी? यात दंतकथा कमी आणि इतिहास जास्त आहे. आठव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून दोन आचार्य चीनची राजधानी चांगआनला पोचले. नालंदेत शिकलेले शुभकरसिंह ७१६ साली, तर दक्षिण भारतातून समुद्रमार्गे निघालेले वज्रबोधी ७२० च्या सुमारास. दोघांनी मंत्र, मुद्रा आणि मंडल यांची शास्त्रं तिथं नेली आणि त्यांची चिनी भाषांतरं सुरू केली. वज्रबोधींचा शिष्य अमोघवज्र. त्याचा शिष्य चिनी भिक्षू हुइगुओ.

या हुइगुओच्या दारात ८०५ साली एक तिशीतला जपानी भिक्षू येऊन उभा राहिला. त्याचं नाव कूकाई. आदल्या वर्षी तो जहाजानं निघाला होता. चांगआनमध्ये त्यानं प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृतचे धडे घेतले. हुइगुओनं काही महिन्यांत त्याला आपली सगळी परंपरा दिली आणि त्याच वर्षाच्या शेवटी देह ठेवला. कूकाई ८०६ मध्ये ग्रंथ, मंडलं आणि पूजेची साधनं घेऊन मायदेशी परतला. जपानमधला शिंगोन पंथ त्यानं उभा केला. पुढे सम्राटाकडून त्याला कोया डोंगर मिळाला आणि तिथं त्याचा मठ आजही नांदतो आहे. कूकाईचा जन्म ७७४ सालचा आणि अमोघवज्राचा मृत्यूही त्याच सालचा. त्यामुळे अमोघवज्रच पुन्हा जन्माला आला असं त्याचे अनुयायी मानत आले.

कूकाईनं आणलेल्या ग्रंथांत भारतीय ‘सिद्धम्’ लिपीतली संस्कृत अक्षरं होती. ही लिपी आपल्या नागरीच्या भावकीतली आहे, दोन्हींचं मूळ गुप्तकाळातल्या लिपीत जातं. भारतात सिद्धम् कधीच मागे पडली. जपानमध्ये मात्र मंत्रांची अक्षरं आजही तिच्यात लिहितात आणि शिंगोनमधल्या एका ध्यानात साधक समोर ‘अ’ हे एकच अक्षर ठेवून बसतो. पाटीवर पहिलं अक्षर म्हणून आपण गिरवतो, तेच.

आता जरा मराठवाड्याकडे वळू. हे आचार्य चीनला निघाले त्याच काळात वेरूळच्या डोंगरात छिन्नीचे घाव पडत होते. बारा क्रमांकाचं लेणं, ज्याला तीन ताल म्हणतात, ते तिथल्या बौद्ध लेण्यांतल्या सगळ्यांत उशिराच्या लेण्यांपैकी एक. बाहेरून तीन मजल्यांची साधी इमारत वाटते. आतल्या भिंतींवर एक शिल्पपट आहे. पाटीवर उभ्या-आडव्या रेघा मारून नऊ घरं करावीत तशी नऊ घरं, मधल्या घरात बुद्ध आणि भोवतालच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. हे दगडात कोरलेलं मंडल आहे. जपानमध्ये कूकाईच्या परंपरेत जी दोन मोठी मंडलं पूजतात, त्यातलं वज्रधातु मंडलसुद्धा नऊ घरांत मांडलेलं असतं. दोन्ही एकाच कारागिराच्या हातची नाहीत, घरांतल्या देवता आणि मांडणीही वेगळी आहे. तरी ज्या विचारविश्वातून जपानची मुद्राविद्या निघाली, त्या विश्वाचा दगडी पुरावा आपल्याच मराठवाड्यात उभा आहे. लोक कैलास लेणं पाहून परततात आणि बाराव्या लेण्यापर्यंत फार थोडे जातात.

डोंगरातले साधू, गावातले हेर

मठात शिकवली जाणारी मुद्रा निंजाच्या हातात कशी आली, हा पुढचा टप्पा. जपानच्या डोंगरांत यामाबुशी नावाचे तपस्वी फिरत. धबधब्याखाली उभं राहणं, कडे चढणं, उपास काढणं ही त्यांची साधना. शिंगोनच्या मुद्रा-मंत्रांत त्यांनी चीनमधला एक जुना तोडगा मिसळला. गे होंग नावाच्या चिनी पंडितानं चौथ्या शतकात, डोंगरात शिरताना संकट येऊ नये म्हणून म्हणायची नऊ अक्षरं लिहून ठेवली होती. जपानमध्ये या नऊ अक्षरांना नऊ मुद्रा जोडल्या गेल्या आणि त्यांना ‘कुजी’ म्हणू लागले. रिन, प्यो, तो, शा, काई, जिन, रेत्सु, झाई, झेन. प्रत्येक अक्षराला बोटांची वेगळी गुंफण. नंतर दोन बोटं तलवारीसारखी ताठ करून हवेत पाच आडव्या आणि चार उभ्या रेघा मारायच्या.

निंजा म्हटलं की डोळ्यांपुढे एक खूण येते: एक बोट वर ताठ आणि त्याभोवती दुसऱ्या हाताची मूठ. शिंगोनमधल्या महावैरोचन बुद्धाची एक मुद्रा जवळजवळ अशीच आहे. डाव्या हाताचं पहिलं बोट उभं, उजव्या मुठीनं ते वेढलेलं. तिला ज्ञानमुष्टी म्हणतात. नारा शहराजवळच्या एन्जोजी मंदिरात उंकेई या शिल्पकारानं ११७६ साली घडवलेली महावैरोचनाची लाकडी मूर्ती आहे. तिचे हात पाहिल्यावर कार्टूनमधला निंजा आठवल्याशिवाय राहत नाही.

खरे निंजा होते तरी कोण? त्यांची दोन प्रसिद्ध ठिकाणं म्हणजे इगा आणि कोगा, डोंगरांनी वेढलेले शेजारी मुलूख. सोळाव्या शतकातल्या यादवीत वेगवेगळे सरदार तिथल्या माणसांना हेरगिरीसाठी, रात्रीच्या छाप्यांसाठी, आगी लावण्यासाठी नेत. ते काळे कपडे घालून छपरांवरून उड्या मारत नसत. शेतकरी, फिरता व्यापारी, भिक्षू किंवा यामाबुशी होऊन ते उजेडात वावरत. यामाबुशीचं सोंग घ्यायचं तर त्याच्या मुद्रा यायलाच हव्यात. १५८२ साली तोकुगावा इएयासू हा सरदार संकटात सापडला तेव्हा इगाच्या डोंगरांतून त्याला सुखरूप घरी पोचवण्यात त्याच्या पदरच्या हत्तोरी हान्झोचं नाव येतं. पुढे याच इएयासूच्या घराण्यानं अडीचशेहून अधिक वर्षं जपानवर राज्य केलं. मुलांचा लाडका हत्तोरी आपलं आडनाव या हान्झोकडून घेऊन आला.

मराठी वाचकाला इथं बहिर्जी नाईक आठवणारच. सुरतेची खबर शिवाजी महाराजांकडे आणणारा हा हेर सभासदाच्या बखरीत भेटतो आणि वेषांतरातल्या त्याच्या कसबाच्या गोष्टी गावोगाव सांगतात. दोन्ही देशांत हेराची खरी ताकद एकच होती: गर्दीत मिसळून जाणं आणि घाबरून न जाणं. १६७६ साली फुजिबायाशी नावाच्या इगाच्या माणसानं निंजांचं ज्ञान ‘बान्सेन्शूकाई’ या मोठ्या ग्रंथात उतरवलं. त्यात कडे चढण्याची साधनं आहेत, दारूगोळ्याच्या कृती आहेत, पण सुरुवातीचा भाग आहे मन शुद्ध आणि ठाम ठेवण्याबद्दल. शत्रूच्या वाड्याच्या भिंतीखाली काळोखात बसलेल्या माणसाला नऊ अक्षरं आणि नऊ मुद्रांचा आधार का वाटला असेल, ते यावरून उमगतं. बोटं एका ठरल्या क्रमानं गुंफताना श्वास सावकाश होतो आणि भीती थोडी ओसरते. जादू म्हणायची तर तेवढीच आणि तिची गरज त्याला मोठी होती. आज या सगळ्याचा अभ्यास विद्यापीठात होतो. मिए विद्यापीठानं २०१७ साली इगा गावात निंजा-संशोधनाचं केंद्रच उघडलं.

सिनेमानं दिलेली उडी

जपानमध्ये शांतता आली तसं निंजांना काम उरलं नाही, आणि गोष्टींत त्यांची भरभराट झाली. काळा पोशाख, गायब होणं, बेडकावर बसून येणं, हे सगळं नाटकांनी, रंगीत छापचित्रांनी आणि कादंबऱ्यांनी वाढवलं. एकोणिसाव्या शतकात १८३९ ते १८६८ अशी तब्बल तीन दशकं भागाभागानं निघालेली जिरायाची गोष्ट त्यातली मोठी. जिराया बेडकाची जादू जाणतो, त्याची बायको त्सुनादे गोगलगायीची, शत्रू ओरोचिमारू सापाची. साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगायीला आणि गोगलगाय सापाला भारी पडते, असा तो तिढा. नारुतो पाहिलेल्या मुलाला ही तिन्ही नावं पाठ असतात. किशिमोतोनं ती, त्यांचे प्राणी आणि त्यांच्यातलं वैर, सगळंच तिथून घेतलं.

१९२१ साली शोझो माकिनो या दिग्दर्शकानं या जिरायावर मूकपट काढला. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, त्या जागी बेडूक ठेवायचा आणि पुन्हा कॅमेरा सुरू करायचा. पडद्यावर निंजा हात जोडतो आणि त्याचा बेडूक होतो! प्रेक्षकांना मुद्रा आणि चमत्कार एकामागून एक दिसले आणि डोक्यात पक्के बसले. त्याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके हेच तंत्र हाताळत होते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं आणि तिला कालियाशी झुंजवलं. १९३२ मध्ये प्रभात कंपनीनं आपल्या सुरुवातीच्या बोलपटांत कोणती गोष्ट घेतली? ‘माया मच्छिंद्र’. नाथपंथी गुरू, त्याचा तरुण शिष्य गोरख आणि योगसामर्थ्याचे चमत्कार. दिग्दर्शक व्ही. शांताराम. दोन्ही देशांत सिनेमाला नवं तंत्र मिळालं तेव्हा त्यानं आपापल्या सिद्धांच्या गोष्टीही शोधल्या.

जपानी कार्टूनला मुद्रा इतक्या का मानवल्या, याचं एक कारण तंत्रातही आहे. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. टीव्हीच्या पैशांत आणि वेळेत तेवढी काढणं झेपत नाही. म्हणून जपानी मालिकांत एक चित्र दोन किंवा तीन वेळा दाखवतात आणि सेकंदाला बारा किंवा आठ चित्रांत काम भागवतात. हालचाल कमी आणि ठसठशीत स्थिती जास्त, अशी त्यांची शैली घडली. आता मुद्रा म्हणजे काय? हाताची एक ठसठशीत, स्थिर स्थिती. वाघ, मेंढा, साप अशा तीन मुद्रांची तीन चित्रं एकापाठोपाठ झपाट्यानं दाखवली, चेहरा स्तब्ध ठेवला, मागून आवाज दिला, की काहीतरी प्रचंड घडणार आहे हे पोराला कळतं. ध्यानासाठी बोटं स्थिर करणाऱ्या आचार्यांनी अशी एक गोष्ट घडवली होती, जी हजार वर्षांनी चित्रकाराच्याही कामाला आली.

नापास झालेला नामदेव

इथवरची वाट इतिहासाची. यापुढे मी जे सांगतो आहे त्यात एकानं दुसऱ्याकडून उचललं असं मुळीच म्हणायचं नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.

नारुतोची गोष्ट सुरू होते नापास होण्यापासून. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत स्वतःचं प्रतिरूप उभं करायचं असतं. त्याचं प्रतिरूप निघतं ते मरगळलेलं, जमिनीवर आडवं. तिसऱ्यांदा तो नापास होतो आणि सगळे हसतात. मग त्याचे एकेक गुरू येतात आणि गुरूही सरळ कोणी नाही. काकाशी उशिरा येतो, पुस्तकात तोंड खुपसून बसतो आणि तीन विद्यार्थ्यांपुढे दोनच घंटा ठेवून म्हणतो, या माझ्याकडून हिसकावून घ्या. घंटांसाठी एकमेकांवर उठायचं की एकमेकांना धरून राहायचं, ही खरी परीक्षा असते.

हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म १२७० चा. त्यांची जी गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगतात, तीही नापास होण्याचीच आहे. संतांचा मेळा जमलेला असतो. छोटी मुक्ताई गोरोबाकाकांना म्हणते, काका, मडकी पक्की की कच्ची ते तुमच्या थापटण्यानं ओळखता ना, मग ही मडकी पाहा बरं. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे शांत. नामदेवांची पाळी आली की ते चिडतात, कुरकुरतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातून जेवतो, तोच पोरगा सगळ्यांसमोर नापास. कीर्तनात इथं हशा पिकतो. त्याच हशात नामदेवांचा अपमान आणि त्यांची पुढची वाटचाल दोन्ही आहेत.

मग नामदेव गुरूच्या शोधात याच जिल्ह्यातल्या औंढ्याला येतात, नागनाथाच्या देवळात. तिथं विसोबा खेचर शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले! नामदेव रागावतात. विसोबा म्हणतात, बाबा, मी म्हातारा, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथं ठेवतात तिथं पिंड उगवते. इकडे ठेवले तर इकडे, तिकडे ठेवले तर तिकडे. विसोबांनी उपदेशाचं एक वाक्यही उच्चारलेलं नाही आणि धडा पुरा झाला आहे. गमतीत गुंडाळलेलं एवढं खोल शिकवणं मला जगातल्या फार थोड्या गोष्टींत सापडतं.

औंढ्याची दुसरी गोष्ट अख्खा जिल्हा जाणतो. देवळासमोर कीर्तन करायला नामदेवांना अडवलं. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला. आजही औंढ्यात नंदी देवळाच्या पाठीमागे दाखवतात. यादवकाळातलं हे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांतलं मानतात, खालच्या भिंतींवर शिल्पांच्या ओळी आहेत आणि पिंडीचं दर्शन घ्यायला अरुंद पायऱ्यांनी जमिनीखालच्या गाभाऱ्यात उतरावं लागतं. अडवला गेलेला एक शिंपी आणि त्याच्यासाठी दगडी देऊळ फिरतं, यापेक्षा मोठी उडी कोणत्या कार्टूननं घेतली आहे?

हे विसोबा नाथपरंपरेच्या धाग्यातले. मच्छिंद्र, गोरख, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव अशी ती परंपरा महाराष्ट्रात उतरली. धुंडीसुत मालूनं शके १७४१ मध्ये लिहिलेला ‘नवनाथ भक्तिसार’ श्रावणात घरोघर वाचतात. त्याचे चाळीस अध्याय आहेत आणि ते लढायांनी, अस्त्रांनी, विनोदानं खच्चून भरलेले आहेत. पाऊस सुरू झाल्यावर मारुती निवाऱ्यासाठी डोंगर उकरू लागतो, मच्छिंद्रनाथ त्याला हसतात, शब्दानं शब्द वाढतो, मारुती डोंगर उचलून फेकतो आणि नाथ मंत्राच्या जोरावर त्याला जागच्या जागी थिजवतात. गोरख संजीवनी मंत्र घोकत असताना पोरं त्याच्याकडून मातीचा पुतळा करून मागतात, मंत्र चालू असतानाच पुतळा घडतो आणि त्यातून जिवंत गहिनीनाथ उठून बसतात. पाठांतर करताना चुकून घडलेली ही विद्या नारुतोच्या शाळेत सहज शोभली असती.

आणि इथं दोन वाटा एका जागी येतात. तिबेटी बौद्ध परंपरेत चौऱ्याऐंशी महासिद्धांची यादी आहे. तिच्यात गोरक्ष आहेत आणि मीनप आहेत. हे मीनप म्हणजेच मच्छिंद्र, असं बरेच अभ्यासक धरतात. म्हणजे हिंदू नाथ आणि बौद्ध सिद्ध एकाच मातीतून उगवले आणि त्या मातीत मंत्र, मुद्रा, योग यांची सरमिसळ होती. त्याच मातीतलं एक आधीचं बी वज्रबोधींच्या जहाजातून पूर्वेला गेलं आणि शेवटी निंजाच्या बोटांत रुजलं. दुसरं इथंच वाढलं आणि औंढ्याच्या गाभाऱ्यात, नामदेवांच्या कीर्तनात फुललं. नारुतो पुढे उलगडत जातो तेव्हा त्यात एका आद्य ऋषीसारख्या पुरुषाचे दोन मुलगे येतात, इंद्र आणि असुर. सहा गतींचा, म्हणजे देव, असुर, माणूस, पशू, प्रेत आणि नरक यांचा फेरा येतो. हिंगोलीच्या मुलाला तिथं परकं काही वाटत नाही, याचं मूळ या जुन्या नात्यात आहे.

आता पेन्सिल कुणी घ्यायची

म्हणून कार्टून पाहणाऱ्या पोराला मोबाईल ठेव म्हणण्याआधी एक करून बघावं. त्याला विचारावं, तुझा निंजा बोटं अशी का धरतो? त्याला सांगता येणार नाही, पण ऐकायचं मात्र असेल. मग कूकाईची गोष्ट सांगावी. सुट्टीत वेरूळला गेलात तर बाराव्या लेण्यातली नऊ घरं त्याच्याकडून मोजून घ्यावीत. औंढ्याला गेलात तर नंदी कुठं आहे ते त्यालाच शोधू द्यावं. ज्या कुतूहलानं तो ७२० भाग पाहतो त्याच कुतूहलाला नर्सी आणि औंढा पुरून उरतात.

आणि यातून पुढे काही घडूही शकतं. युगो साको हे जपानी दिग्दर्शक एका माहितीपटासाठी भारतात आले आणि रामकथेनं असे भारावले की भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन यांच्या सोबतीनं त्यांनी ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट जपानी शैलीत उभा केला. २०२५ च्या जानेवारीत तो भारतातल्या चित्रपटगृहांत नव्यानं लागला. कथा इथली, रेषा तिथली, आणि दोन्हींनी एकमेकांना उजळलं.

नामदेवांच्या गोष्टीत काय कमी आहे? थापटण्याखाली कुरकुरणारा नायक आहे, जिभेला धार असलेली मुक्ताई आहे, पिंडीवर पाय टाकून पडलेला गुरू आहे आणि शेवटी फिरणारं देऊळ आहे. ते देऊळ पडद्यावर चार सेकंदांत फिरवायचं ठरवलं तर सेकंदाला बारा या हिशेबानं अठ्ठेचाळीस चित्रं लागतात. नर्सीच्या, औंढ्याच्या, सेनगावच्या एखाद्या मुलीनं किंवा मुलानं वहीच्या मागच्या पानावर निंजा काढून काढून हात आधीच बसवलेला आहे. तिला किंवा त्याला नागनाथाचं देऊळ चारही बाजूंनी नीट पाहायला सांगा आणि पहिलं चित्र काढायला बसवा.